विश्लेषण : मत गुप्त, पण गल्ली उघड? पुण्यातील केंद्रनिहाय मतदानाचा नकाशा काय सांगतो?

निवडणुकीचा निकाल लागला की पुण्यात पहिली चर्चा असते ती कोणत्या पेठेने, कोणत्या उपनगराने कोणाला ‘हात दिला’ याची. एकेकाळी ही चर्चा कार्यकर्त्यांच्या अंदाजावर चालत असे. आता प्रत्येक मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली, याची अधिकृत नोंद उपलब्ध असते आणि ती नकाशावर मांडताही येते. राजकीय पक्ष हे काम नियमित करतात. अभ्यासक आणि जागरूक नागरिकही ते करू लागले आहेत. मात्र या नकाशातून नेमके काय कळते, काय कळत नाही आणि मतदाराच्या गुप्ततेचे काय होते, हे प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत.

केंद्रनिहाय निकाल कुठे मिळतो?

मतमोजणी संपल्यावर निवडणूक निर्णय अधिकारी ‘नमुना २०’ हा अंतिम निकालपत्रक तयार करतात. त्यात मतदान केंद्राचा क्रमांक, त्या केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला मिळालेली मते, ‘नोटा’ची मते आणि एकूण मते अशी ओळीने नोंद असते. टपाली मतांची बेरीज शेवटी स्वतंत्र दाखवली जाते. महाराष्ट्रातील लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांची ही पत्रके राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ठेवली जातात.

याच्या आधीचा कागद म्हणजे ‘नमुना १७ क’. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्या यंत्रात एकूण किती मते नोंदली गेली याचा हिशेब या नमुन्यात लिहितात आणि त्याची प्रत हजर असलेल्या मतदान प्रतिनिधींना देतात. म्हणजे केंद्रावर किती मतदान झाले, हे १७ क सांगतो आणि ते कोणाला झाले, हे नमुना २० सांगतो. दोन्ही ताडून पाहिले की मोजणीतील चूकही पकडता येते. पक्षांचे अनुभवी कार्यकर्ते १७ क ची प्रत जपून ठेवतात ती याचसाठी.

पूर्वी हे शक्य का नव्हते?

मतपत्रिकांच्या काळात एका केंद्राची पेटी उघडून मतपत्रिका मोजल्या, तर त्या भागाचा कल उघड होत असे. म्हणून १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत ‘५९ अ’ ही तरतूद करण्यात आली. मतदारांना धमकावले जाण्याची भीती असेल, तर मोजणीपूर्वी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळाव्यात, असा आदेश या तरतुदीनुसार निवडणूक आयोगाला देता येतो. मतपत्रिका मिसळल्या की पेठ, वस्ती, गाव यांचा वेगळा हिशेब उरत नाही.

२००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर मतदान यंत्रे वापरली गेली आणि चित्र पालटले. प्रत्येक केंद्राच्या कंट्रोल युनिटमधील मते स्वतंत्रपणे वाचली जातात, त्यामुळे केंद्रनिहाय निकाल आपोआप हाती येतो. एका केंद्रावर साधारण हजार ते पंधराशे मतदार असत. २०२५ मध्ये आयोगाने ही कमाल मर्यादा १,२०० वर आणण्याचा निर्णय घेतला. शहरात एवढे मतदार म्हणजे चार-सहा सोसायट्या, एखादी चाळ किंवा एखाद्या वस्तीचा एक भाग. नकाशाची बारकाई वाढली, ती इथून.

आकड्यांचा नकाशा कसा बनतो?

नमुना २० मध्ये केंद्राचा क्रमांक असतो, पण त्या केंद्रात कोणता परिसर मोडतो हे नसते. ते मतदार यादीत सापडते. यादीच्या प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर त्या भागातील रस्ते, इमारती, वस्त्या, मतदान केंद्राचा पत्ता आणि स्त्री-पुरुष मतदारांची संख्या दिलेली असते. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने तयार केलेला ‘नजरी नकाशा’ही असतो. या दोन कागदांची सांगड घातली, की क्रमांकाला परिसर मिळतो.

ऐकायला सोपे असलेले हे काम प्रत्यक्षात किचकट आहे. अनेक पत्रके छायाप्रतीच्या स्वरूपात असल्याने आकडे हाताने टंकावे लागतात. पुण्यात एकाच महापालिका शाळेत आठ-दहा केंद्रे असतात. अशा वेळी केंद्राच्या पत्त्यावर ठिपका दिला, तर सगळा परिसर त्या एका शाळेवर गोळा होतो आणि नकाशा फसवा ठरतो. म्हणून ठिपक्याऐवजी त्या यादी भागातील वस्तीची हद्द आखावी लागते.

सर्वात मोठी अडचण दोन निवडणुकांची तुलना करताना येते. मतदार वाढले की केंद्र फोडले जाते, कमी झाले की दोन केंद्रे जोडली जातात, इमारत पडली की केंद्र हलवले जाते. २०१९ मधील ११२ क्रमांकाचे केंद्र आणि २०२४ मधील ११२ क्रमांकाचे केंद्र हा एकच परिसर असेल, असे गृहीत धरता येत नाही. क्रमांक जुळवून काढलेले ‘मतांतर’ त्यामुळे अनेकदा चुकीचे निघते. परिसर जुळवूनच तुलना करावी लागते.

कसब्याचे उदाहरण काय शिकवते?

पुण्यातील मतदानाचा नकाशा वाचायला शिकायचे असेल, तर कसबा पेठेसारखे दुसरे उदाहरण नाही. गिरीश बापट १९९५ ते २०१४ अशा सलग पाच निवडणुका येथून जिंकले. २०१९ मध्ये भाजपच्या मुक्ता टिळक सुमारे ७५ हजार मते मिळवून सुमारे २८ हजारांच्या फरकाने विजयी झाल्या. त्यांच्या निधनानंतर २६ फेब्रुवारी २०२३ रोजी पोटनिवडणूक झाली. त्यात काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी भाजपचे हेमंत रासने यांचा सुमारे ११ हजार मतांनी पराभव केला. ‘बालेकिल्ला ढासळला’ असे तेव्हा म्हटले गेले.

पुढच्या वर्षी मे महिन्यात धंगेकर लोकसभेचे उमेदवार होते. ते स्वतः आमदार असलेल्या कसब्यातच भाजपचे मुरलीधर मोहोळ यांना सुमारे १४ हजारांची आघाडी मिळाली. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पुन्हा रासने विरुद्ध धंगेकर अशी लढत झाली. रासने यांना ९०,०४६ आणि धंगेकर यांना ७०,६२३ मते मिळाली. फरक १९,४२३ मतांचा.

या आकड्यांत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. धंगेकर यांना पोटनिवडणुकीत सुमारे ७३ हजार मते होती, पावणेदोन वर्षांनंतर ती ७० हजारांवर राहिली. म्हणजे त्यांची घट अडीच-तीन हजारांचीच. रासने मात्र सुमारे ६२ हजारांवरून ९० हजारांवर गेले. पोटनिवडणुकीत मतदान सुमारे ५० टक्के झाले होते, नोव्हेंबर २०२४ मध्ये ते ५९ टक्क्यांच्या आसपास गेले. ‘मतदारांनी पुन्हा कौल बदलला’ या सरधोपट निष्कर्षापेक्षा ‘पोटनिवडणुकीला घरी बसलेला मतदार बाहेर पडला’ हा अर्थ या आकड्यांशी अधिक जुळतो.

अर्थात, तो सिद्ध करायला मतदारसंघाची बेरीज पुरत नाही. काही हजार मतदार धंगेकरांकडून रासनेंकडे आणि तितकेच नवे मतदार धंगेकरांकडे आले असतील, तरी बेरीज हीच दिसेल. केंद्रनिहाय नकाशा इथे उपयोगी पडतो. ज्या केंद्रांवर मतदानाची टक्केवारी सर्वाधिक वाढली, तिथेच रासनेंची मते सर्वाधिक वाढली का, हे पाहता येते. तसे असेल तर पहिल्या अर्थाला बळ मिळते. टक्केवारी न वाढताही मते फिरलेली दिसली, तर दुसऱ्या.

मग ‘सदाशिव पेठ नाराज’ हे खरे होते का?

पोटनिवडणुकीत टिळक कुटुंबाला उमेदवारी न मिळाल्याने ब्राह्मण मतदार नाराज असल्याची मोठी चर्चा होती. शनिवार, सदाशिव, नारायण या पेठांतून भाजपला नेहमीसारखे मताधिक्य मिळाले नाही, हा त्याचा पुरावा म्हणून सांगितला गेला. पण या नाराजीचा मुद्दा घेऊन रिंगणात उतरलेले हिंदू महासंघाचे आनंद दवे यांना संपूर्ण मतदारसंघात तीनशेच्या आसपासच मते मिळाली. नाराजी होती, पण ती दुसऱ्या उमेदवाराकडे वळली की घरातच राहिली, हे पेठेच्या आकड्यावरून ठरत नाही.

कारण मतदार यादीत जात नोंदवलेली नसते आणि यंत्रात मतदाराची ओळख नसते. नकाशा ‘या भागात असे मतदान झाले’ एवढेच सांगतो. ‘या समाजाने असे मतदान केले’ हे वाक्य त्यात आपण घालतो. समाजशास्त्रात ही चूक सर्वपरिचित आहे. समूहाच्या सरासरीवरून त्यातील व्यक्तींबद्दल निष्कर्ष काढणे, असे तिचे स्वरूप.

साध्या हिशेबाने ती समजते. समजा, एका केंद्रावर ६०० मते पडली. मतदान करणाऱ्यांत ७० टक्के, म्हणजे ४२० जण एका समाजाचे आणि १८० जण इतर आहेत. एका उमेदवाराला ६० टक्के, म्हणजे ३६० मते मिळाली. त्या समाजाने त्याला भरभरून मते दिली, असे वाटेल. पण इतर सर्व १८० जणांनी त्यालाच मत दिले असेल, तर त्या समाजाची फक्त १८० मते, म्हणजे ४३ टक्के मते त्याला मिळाली. इतरांपैकी एकानेही दिले नसेल, तर हाच आकडा ३६०, म्हणजे ८६ टक्क्यांवर जातो. एकच निकाल, पण ४३ ते ८६ टक्के एवढ्या मोठ्या अंतरातील कोणताही अर्थ त्यातून निघू शकतो.

ही दरी भरून काढण्यासाठी मतदारांनाच विचारावे लागते. पुण्यात त्याची परंपरा जुनी आहे. पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातील प्रा. सिरसीकर यांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीतील मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास केला आणि तो १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे याच विभागातील सुहास पळशीकर, राजेश्वरी देशपांडे यांनी ‘लोकनीती’च्या सर्वेक्षणांतून हे काम राज्य आणि देशाच्या पातळीवर नेले. नकाशा ‘कुठे’ याचे उत्तर देतो, सर्वेक्षण ‘कोणी’ आणि ‘का’ याचे. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेतले की गफलत होते.

एकच शहर, सहा वेगळे कल?

पुणे लोकसभा मतदारसंघात कोथरूड, शिवाजीनगर, पर्वती, कसबा पेठ, पुणे कॅन्टोन्मेंट आणि वडगाव शेरी हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. शहराचाच भाग असलेला हडपसर शिरूर लोकसभा मतदारसंघात, तर खडकवासला बारामतीत मोडतो. त्यामुळे ‘पुण्याचा कल’ म्हणून लोकसभेचा जो आकडा सांगितला जातो, तो संपूर्ण शहराचा नसतो.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मोहोळ १,२३,०३८ मतांनी विजयी झाले. यातील सुमारे ७४ हजारांचे मताधिक्य एकट्या कोथरूडचे होते. सहापैकी पाच विधानसभा मतदारसंघांत ते पुढे होते आणि पुणे कॅन्टोन्मेंटमध्ये धंगेकर यांना सुमारे १३ हजारांची आघाडी होती.

सहा महिन्यांत याच नकाशाने दोन ठिकाणी रंग बदलला. कॅन्टोन्मेंटमध्ये भाजपचे सुनील कांबळे १०,३२० मतांनी विजयी झाले. उलट, लोकसभेला मोहोळ यांना आघाडी देणाऱ्या वडगाव शेरीत राष्ट्रवादी काँग्रेस शरद पवार पक्षाचे बापूसाहेब पठारे ४,७१० मतांनी निवडून आले. राज्यात महायुतीची लाट असताना हे घडले. उमेदवार, स्थानिक गट आणि लढतीचे स्वरूप बदलले की तीच गल्ली वेगळे मत देते, हे यातून दिसते. कोथरूडमध्ये चंद्रकांत पाटील यांचे मताधिक्य २०१९ मध्ये २५,४९५ होते, २०२४ मध्ये ते १,१२,०४१ झाले. २०१९ मध्ये त्यांच्यासमोर मनसेच्या उमेदवाराला काँग्रेस आणि राष्ट्रवादीचाही पाठिंबा होता. २०२४ मध्ये विरोधी मते शिवसेना ठाकरे पक्ष आणि मनसे यांच्यात विभागली. फक्त मताधिक्याचा नकाशा काढला, तर ही गोष्ट लपते. म्हणून जाणकार मताधिक्यापेक्षा प्रत्येक उमेदवाराचा एकूण मतांतील वाटा आणि मतदानाची टक्केवारी असे दोन स्वतंत्र नकाशे काढतात.

आयर्लंडचे ‘टॅलीमन’ काय करतात?

स्थानिक मतदानाचा नकाशा काढण्याचा छंद फक्त आपल्याकडेच नाही. आयर्लंडमध्ये आजही मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहून मतदान होते आणि सरकारी निकाल मतदारसंघाच्या पातळीवरच जाहीर होतो. केंद्रनिहाय आकडा कोणी देत नाही. तो मिळवतात पक्षांचे कार्यकर्ते. मोजणीच्या सकाळी एकेक पेटी उघडून मतपत्रिका सरळ केल्या जातात, तेव्हा कठड्याच्या पलीकडे उभे राहून हे ‘टॅलीमन’ प्रत्येक मतपत्रिकेवरील पहिली पसंती कागदावर टिपतात. काम मोठे असल्याने एरवी एकमेकांचे विरोधक असलेले पक्ष पेट्या वाटून घेतात आणि आकडे एकत्र करतात. अधिकृत निकालाच्या कित्येक तास आधी कोणत्या गावाने काय केले, हे देशाला कळते.

सार्वमताच्या वेळी हा स्थानिक नकाशा विशेष बोलका ठरतो. मे २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला ६२ टक्के मतदारांनी संमती दिली. ४३ मतदारसंघांपैकी फक्त रॉसकॉमन-साउथ लायट्रिमने नकार दिला. मे २०१८ मध्ये गर्भपातावरील घटनात्मक बंदी उठवण्याच्या बाजूने ६६ टक्के मते पडली, तेव्हा ४० मतदारसंघांत एकटे डोनेगल विरोधात गेले. मात्र नकाशावर ‘विरोधी’ रंगलेल्या त्या मतदारसंघांतही जवळपास निम्म्या मतदारांनी बाजूने मत दिले होते. एका रंगात रंगवलेला भाग आतून एकरंगी नसतो, हे पुण्यातील पेठांनाही लागू आहे.

ब्रिटनने मात्र उलट मार्ग निवडला आहे. तेथे एका पेटीतील मतपत्रिका किमान दुसऱ्या एका पेटीतील मतपत्रिकांत मिसळल्याशिवाय मोजता येत नाहीत.

महापालिका निवडणुकीत चित्र वेगळे का?

महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि पुण्यात बहुसदस्यीय प्रभाग असल्याने एक मतदार एकाच वेळी चार जागांसाठी मत देतो. अ, ब, क, ड अशा चारही जागांचा केंद्रनिहाय हिशेब उपलब्ध झाला, तर एकाच केंद्रावर एकाच पक्षाच्या चार उमेदवारांना किती मते पडली, याची तुलना करता येते. चौघांची मते जवळपास सारखी असतील, तर ‘पॅनेल’ चालले असा अर्थ काढतात. एकाला ७०० आणि त्याच्याच सहकाऱ्याला ४०० मते असतील, तर मतदारांनी पक्षापेक्षा माणूस पाहिला. लोकसभा-विधानसभेच्या निकालात मिळणार नाही अशी ही माहिती आहे.

मात्र इथे दीर्घकालीन तुलना जवळपास अशक्य होते, कारण प्रभागच बदलत राहतात. २००७ मध्ये एकसदस्यीय प्रभाग होते. २०१२ मध्ये ७६ प्रभागांतून १५२ नगरसेवक निवडले गेले आणि राष्ट्रवादी काँग्रेसला सर्वाधिक ५१ जागा मिळाल्या. २०१७ मध्ये ४१ प्रभाग आणि १६२ जागा झाल्या आणि भाजपने ९७ जागा जिंकल्या. २०२२ साठी तीन सदस्यांच्या प्रभागांची, १७३ जागांची रचना तयार झाली, पण ती बारगळली. मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक होता. अखेर जानेवारी २०२६ मधील निवडणुकीसाठी पुन्हा चार सदस्यांची पद्धत आली. ४१ प्रभाग, १६५ जागा आणि त्यात एक प्रभाग पाच सदस्यांचा. मधल्या काळात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली. पैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे नंतर वगळण्यात आली.

रेषा कोण आखतो, हा प्रश्न महत्त्वाचा का?

मतदानाचा बारीक नकाशा हाती असेल, तर हद्दीची रेषा कुठून नेल्यास कोणाचा फायदा होईल, हेही कळते. त्यामुळे प्रभाग रचना जाहीर झाली की पुण्यात हरकतींचा पाऊस पडतो. नियमानुसार प्रभागांची सुरुवात शहराच्या उत्तरेकडून करून शेवट दक्षिणेला करायचा असतो, जनगणनेचे प्रगणक गट शक्यतो फोडायचे नसतात, नदी, रस्ते, रेल्वेमार्ग या नैसर्गिक आणि ठळक हद्दी पाळायच्या असतात. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागाही प्रभागातील लोकसंख्येच्या प्रमाणावर ठरतात. एखादी वस्ती दोन प्रभागांत विभागली गेली, तर तिचे संख्याबळ आणि कधीकधी आरक्षणही निसटते. हरकत घेणाऱ्याने ‘रचना चुकीची आहे’ असे मोघम लिहिण्याऐवजी कोणता प्रगणक गट, कोणता रस्ता आणि किती लोकसंख्या हे नकाशासह मांडले, तर ती अधिक गांभीर्याने घ्यावी लागते.

२०२५ च्या रचनेसाठीही २०११ च्या जनगणनेचाच आधार घ्यावा लागला. त्यानुसार समाविष्ट गावांसह शहराची लोकसंख्या सुमारे ३५ लाख धरली गेली. गेल्या दीड दशकात वाढलेली उपनगरे त्यात पुरती उमटत नाहीत. विधानसभेच्या हद्दी तर २००१ च्या जनगणनेवर २००८ मध्ये आखलेल्या आहेत. तेव्हा भवानी पेठ आणि बोपोडी हे मतदारसंघ नाहीसे झाले. आज कसब्यात पावणेतीन-तीन लाखांच्या घरात मतदार आहेत, तर शेजारच्या पिंपरी-चिंचवडमधील चिंचवड मतदारसंघात साडेसहा लाखांहून अधिक. म्हणजे कसब्यातील एका मताचे वजन चिंचवडमधील मताच्या दुपटीहून जास्त भरते. २०२७ च्या जनगणनेनंतर पुनर्रचना होईल, तेव्हा ही तफावत आणि त्यासोबत जुने सगळे राजकीय हिशेब नव्याने मांडावे लागतील.

गुप्त मतदानाचे काय?

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९४ सांगते की, कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. व्यक्तीची गुप्तता अबाधित आहे, पण वस्तीची नाही. ही केवळ तात्त्विक चिंता नव्हे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामती तालुक्यातील मासाळवाडीत मतदान न केल्यास पाणी तोडण्याचा इशारा दिल्याचा आरोप तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यावर झाला होता. त्यांनी तो फेटाळला. २०१९ मध्ये उत्तर प्रदेशात मनेका गांधी यांनी मतांच्या प्रमाणानुसार गावांची प्रतवारी करून कामे देण्याची भाषा केली, त्याची निवडणूक आयोगाने दखल घेतली.

यावर सुचवलेला उपाय म्हणजे ‘टोटलायझर’. हे उपकरण १४ यंत्रांची मते एकत्र जोडून फक्त बेरीज दाखवते. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये हा प्रस्ताव दिला. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयातही हा विषय गेला. केंद्र सरकारने मात्र विरोध केला. कोणत्या भागात आपण कमी पडलो हे कळले तर पक्ष तिथे अधिक काम करतील, असा सरकारचा युक्तिवाद होता. दुसरी बाजूही विचारात घेण्यासारखी आहे. केंद्रनिहाय निकाल झाकला, तर मोजणीची पडताळणी करण्याचे नागरिकांच्या हातातील एक साधन कमी होते. १७ क मधील आकडा आणि यंत्रातील आकडा केंद्रागणिक ताडण्याची सोय त्यामुळेच अनेकांना महत्त्वाची वाटते.

शहरात हा पेच आणखी तीव्र होऊ लागला आहे. मतदानाचा टक्का वाढावा म्हणून २०२४ मध्ये पुण्यातील काही मोठ्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आवारातच मतदान केंद्रे देण्यात आली. ज्येष्ठांची त्यामुळे सोय झाली, हे खरे. पण ज्या केंद्रात एकाच सोसायटीचे मतदार आहेत, त्या सोसायटीचा कौल निकालाच्या दुसऱ्या दिवशी सर्वांना वाचता येतो. पाण्याचा टँकर, रस्त्याचे डांबरीकरण, ड्रेनेजची जोडणी यांसाठी ज्यांच्याकडे जायचे, त्यांच्याही हातात तोच कागद असतो. झोपडपट्टीतील केंद्रांबाबत ही स्थिती पूर्वीपासून आहे.

नागरिकांना याचा उपयोग काय?

आपल्या यादी भागाचा क्रमांक मतदार यादीत पाहून नमुना २० मधील त्याच क्रमांकाची ओळ वाचणे, एवढ्यापासून सुरुवात करता येते. आपल्या केंद्रावर मतदान किती झाले आणि शेजारच्या केंद्रांच्या तुलनेत ते कमी का, हा पहिला प्रश्न. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत पुण्यात मतदान ५० टक्क्यांच्या आतच राहिले, २०२४ मध्ये ते ५३.५४ टक्के झाले. म्हणजे निम्म्याच्या आसपास मतदार नकाशावर दिसतच नाहीत. कमी टक्केवारीमागे मतदारांची अनास्था असते, तशीच स्थलांतरित आणि मृतांची न वगळलेली नावे, दुबार नोंदी आणि लांबचे केंद्र हीही कारणे असतात. ती केंद्रनिहाय शोधता येतात आणि केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे अर्ज करून दुरुस्तही करून घेता येतात.

दुसरा उपयोग प्रश्न विचारण्याचा. प्रभागात झालेल्या कामांची यादी आणि केंद्रनिहाय निकाल शेजारी ठेवले, तर निधी गरजेनुसार गेला की मतांनुसार, याचा अंदाज बांधता येतो. पक्ष हा नकाशा निवडणूक जिंकण्यासाठी वापरतात. तोच कागद रहिवाशांच्या हातात असेल, तर पाच वर्षांच्या कामाचा हिशेब मागण्यासाठीही वापरता येईल.